टाक्यांतलं वासरू

मंगळवारच्या बैठकीत जपूनरावांच्या तोंडून "मी करतो" हे दोन शब्द गेले, आणि पुढच्या दहा दिवसांची त्यांची झोप, भूक आणि अब्रू त्या दोन शब्दांच्या मागोमाग चालती झाली.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जनावरांचे डॉक्टर तयार करणाऱ्या विद्यालयाच्या कार्यालयात ते एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. समोरच्याने काहीही हातात घेतलं की "जरा जपून" म्हणायची त्यांना सवय होती. स्टेपलर घेतला तरी जपून, रजा घेतली तरी जपून. असा माणूस भर बैठकीत, कुणी विचारलेलं नसताना, "मी करतो" म्हणाला हे ऐकून शेजारी बसलेल्या अकाउंटंटच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

झालं होतं असं. विद्यालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पदवीदानासाठी नवी प्रमाणपत्रं छापायची होती आणि फाटकावर दहा फुटी फलक लावायचा होता. दोन्हींवर विद्यालयाचं बोधचिन्ह हवं होतं. एक गोल, गोलात उभं असलेलं वासरू आणि वासराच्या पाठीवर ठेवलेला एक हात. बोधचिन्ह लेटरहेडवर होतं, नाही असं नाही, पण ते झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होतं, आणि त्यात वासरू आहे की पिशवी हे सांगायला निदान वीस वर्षांची नोकरी लागायची. छापखानेवाला म्हणाला, हे चालणार नाही, मला व्हेक्टर द्या. व्हेक्टर म्हणजे काय हे मात्र त्याने छान सांगितलं. "फोटो मोठा केला की फाटतो. व्हेक्टर म्हणजे नुसत्या रेषा. वासरू हत्तीएवढं करा, रेष जशीच्या तशी राहणार." त्यावर मोठ्या डॉक्टरबाई, म्हणजे विद्यालयाच्या नव्या प्राचार्य, जपूनरावांकडे वळून म्हणाल्या, "मूळ चित्र तुमच्याच ताब्यात आहे ना? त्यावरून काढून घेऊ."

मूळ चित्र त्यांच्या ताब्यात नव्हतं. ते कुणाच्याच ताब्यात नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतःच्या हातांनी फाडलं होतं.

"मूळ चित्राला कशाला हात लावायचा, कागद जुना झालाय," ते घाईघाईने म्हणाले. "आमच्या हिच्याकडे त्याची भरतकामाची फाइल आहे. तिचंच व्हेक्टर करून आणतो. मी करतो."

आता ते फाडण्याचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस डोक्याने अधू होता. जपूनरावांची बायको घरी मशीनवर भरतकाम करते. कॉम्प्युटरवर चित्राचे टाके बसवायचे, त्याची फाइल करायची, फाइल मशीनला द्यायची, की मशीन सुई खालीवर करत बसते. सहा वर्षांपूर्वी विद्यालयाला पांढऱ्या कोटांच्या खिशांवर लावायला चाळीस बिल्ले हवे होते आणि काम तिच्याकडे आलं. जपूनरावांनी मूळ चित्र कपाटातून काढून दोन दिवसांसाठी घरी नेलं. पावती केली नाही. आयुष्यात एकदाच केली नाही.

पहिला बिल्ला झाल्यावर माप बरोबर आहे का बघायला बायकोने मूळ चित्र त्याच्या मागे चिकटपट्टीने लावलं आणि उजेडात धरून बघितलं. इथवर सगळं ठीक होतं. पण मशीनच्या भरतकामात कापड ताठ राहावं म्हणून खाली एक पांढरा कागद घालतात, आणि काम संपलं की तो टरकावून काढतात. त्या रविवारी दुपारी नवराबायको समोरासमोर बसून चाळीस बिल्ल्यांमागचे कागद टरकावत होती. जपूनरावांना हे काम मनापासून आवडायचं. आठवडाभर कागद जपणाऱ्या माणसाला रविवारी हक्काने कागद फाडायला मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. टर्र, टर्र, टर्र, असे ते रंगात आले होते, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातातल्या तुकड्यावर काळ्या शाईने काढलेला वासराचा मागचा पाय आहे.

बायको तेवढ्यात गॅस बंद करायला आत गेली होती. जपूनरावांनी तुकडे गोळा करून खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी ते तीन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकले. तिला सांगितलं, "चित्र बॅगेत ठेवलंय, आजच कपाटात जाईल." कपाटात रिकामा फोल्डर गेला, वर लाल अक्षरांत "जपून हाताळावे". तेव्हापासून दर वर्षीच्या तपासणीत अनुक्रमांक तेवीस, बोधचिन्हाची मूळ प्रत, यासमोर ते "आहे" लिहून सही करत आले होते. सहा वर्षं, सहा सह्या. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, आणि या चौदा महिन्यांत डॉक्टरबाईंनी तो फोल्डर उघडला तर एकतीस वर्षांच्या नोकरीवर खोटी सही करणारा हेडक्लार्क एवढंच लिहिलं जाणार होतं. मंगळवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बायकोने आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. ती वासराची फाइल आहे का तुझ्याकडे?"

बायको उठली आणि बटणांच्या डब्यातून एक पेनड्राइव्ह काढून तिने समोर ठेवला. मधल्या काळात तिचे दोन कॉम्प्युटर बंद पडले होते, चित्राचा स्कॅनही त्यांच्याबरोबर गेला होता, पण ही एक फाइल तिने जपली होती. "ती मी कधीच पुसणार नव्हते," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम का भरून आला हे विचारायचं भान तेव्हा जपूनरावांना नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर तेवढ्यात पेपर परत द्यायला खाली आले. निवृत्त झाल्यापासून ओव्हरसियरांकडे दुसऱ्यांची कामं बघायला भरपूर वेळ होता, आणि प्रत्येक कामाला एक सोपा मार्ग असतोच यावर त्यांची श्रद्धा होती. "अहो, एक वेबसाइट आहे," ते खुर्ची ओढत म्हणाले. "फुकट. इकडून फाइल घालायची, तिकडून व्हेक्टर घ्यायचं."

"म्हणजे आपली फाइल त्यांच्याकडे जाणार?" जपूनरावांनी विचारलं.

"जाणार आणि परत येणार."

"पोच मिळते का?"

पोच मिळत नव्हती. जपूनरावांनी छातीवर दगड ठेवून बटण दाबलं आणि फाइल परत येईपर्यंत ते उभेच राहिले. आली. उघडली. गोलात एक झगझगीत गुलाबी वासरू उभं होतं आणि त्याच्या पाठीवर पोपटी हात होता.

जपूनराव मटकन खाली बसले. ओव्हरसियर म्हणाले, नवीन जन्मलेलं वासरू थोडं गुलाबी दिसतंच, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. बायकोने मात्र शांतपणे समजावलं. मशीनच्या या फाइलीत रंग नसतातच. इथे थांब, रीळ बदल, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. कुठलं रीळ लावायचं ते माणसाला माहीत असतं. वेबसाइटला काय माहीत, तिने मनाला येतील ते रंग दिले. रंग बदलायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. वासरू तपकिरी झालं, हात गव्हाळ झाला, आणि जपूनराव बैठकीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी ऑफिसात झाली. त्यांनी ते चित्र प्रमाणपत्राच्या मसुद्यात घातलं आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. माउसचा बाण हलेना. वीस मिनिटांनी हलला तेव्हा खाली कुठेतरी दिसलं की या एका चित्रात अकरा हजार चारशे रेषा आहेत. त्यांनी घाबरून बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "बरोबर आहे. एक टाका म्हणजे एक रेष. मशीनला वासरू कुठे माहीत असतं, तिला फक्त सुई कुठे खाली न्यायची तेवढं कळतं. त्याची प्रिंट काढू नका हं अजून."

पण प्रिंट गेली होती. सगळ्या कार्यालयाला मिळून एकच प्रिंटर. तो आधी कण्हला, मग गरम झाला, मग त्याने अकाउंटंटचं पगारपत्रक पोटात अडकवून ठेवलं आणि केसाएवढ्या रेषा एकेक करून ओढायला लागला. जपूनराव त्याच्यासमोर उभे राहून प्लग काढावा की नको याचा विचार करत होते. प्लग काढताना काही बिघडलं तर त्याचीही नोंद होणार. चाळीस मिनिटांनी कागद बाहेर सरकला, आणि नेमक्या त्याच वेळी राउंडवरून परत येणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो जाता जाता उचलला.

त्यांनी चष्मा लावला. डॉक्टरबाईंची अठ्ठावीस वर्षं गोठ्यांत गेली होती आणि जनावर कागदावरचं असलं तरी त्या त्याच्याकडे तपासायलाच बघायच्या.

"हे किती दिवसांपासून असं आहे?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं," जपूनराव बोलून गेले. मग घाईघाईने सावरले. "म्हणजे फाइल. फाइल सहा वर्षांपूर्वीची आहे."

"फासळ्या मोजता येतायत याच्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. खरंच येत होत्या. वरच्या टाक्यांना आधार म्हणून बायकोने आत आडवेउभे टाके घातले होते. कापडावर ते झाकले जातात, कागदावर सगळे उघडे पडले होते. "आणि तोंडातून हे काय लोंबतंय? दोरी गिळलीय याने." ती दोरी नव्हती. वासराच्या तोंडापासून हातापर्यंत जाताना मशीनने मध्ये सोडलेला धागा होता. कापडावर तो कात्रीने कापतात. "शेपूट गोलाला बांधलेलं आहे. आणि गोल म्हणता, हा तर अंड्यासारखा लांबट आहे. मूळ चित्रात असाच आहे का?"

"मूळ चित्रात," जपूनराव म्हणाले, आणि प्रिंटरमधून अकाउंटंटचं पगारपत्रक ओढून काढायला लागले.

"हे असं जनावर मी पदवीवर छापणार नाही. लोक म्हणतील यांना साधं वासरू जगवता येत नाही." त्यांनी कागद परत दिला. "नीट करून आणा. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता समितीसमोर मूळ चित्र आणि हे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू. आणि फाइल ज्यांनी केली त्या बाईंनाही बोलवा."

गुरुवार यायला आठ दिवस होते. आठ दिवसांत जपूनरावांनी काय काय विचार केले ते सांगायची सोय नाही. आजारी पडावं असा एक होता. कपाटाला कीड लागावी असा एक होता, पण कपाट लोखंडी होतं. ओव्हरसियरांना त्यांनी एका मित्राची अडचण म्हणून सगळं विचारून बघितलं. ओव्हरसियर म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, जुनं चित्र बाजारात काढून मिळतं. कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, उन्हात वाळवायचा, लगेच जुना दिसतो." जपूनराव त्या संध्याकाळी चहाचं पातेलं हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. शेवटी तेवढंही धाडस झालं नाही, त्यांनी चहा पिऊन टाकला.

बायको मात्र रोज संध्याकाळी हातचं काम बाजूला ठेवून वासराशी बसायची. अकरा हजार रेषा साफ करण्यात अर्थ नाही हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिने टाके खाली फिक्कट करून ठेवले आणि त्यांच्यावरून बाहेरची कड नव्याने ओढत गेली. पाठ, पोट, खूर, बोटं. गोल लांबट का झाला तेही तिने सांगितलं. "टाके पडले की कापड आखडतं. म्हणून मी तो मुद्दामच लांबट केला होता. कापडावर गोल दिसायचा असेल तर फाइलीत अंडं काढावं लागतं." तिने तो गोल केला. पाचव्या दिवशी पडद्यावर एक धडधाकट, शहाणं वासरू उभं राहिलं. सगळ्या मिळून रेषा एकसष्ट.

जपूनरावांना तिचं इतकं कौतुक वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. "किती केलंस गं," ते म्हणाले.

"मी काय केलं," बायको पडद्याकडे बघतच म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी विसरलेले नाही."

"मी काय केलं?"

"आता कशाला लपवता. त्या रविवारी केर काढताना मला टेबलाखाली वासराचा कान सापडला होता. पहिल्या बिल्ल्यामागे चित्र मीच चिकटवलं होतं, आणि बोलता बोलता मीच ते टरकावलं. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. उलट चित्र कपाटात ठेवलं म्हणून खोटं सांगितलंत. नोकरी धोक्यात घातलीत माझ्यापायी."

खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. त्यांनी ती जाऊ दिली. इतकी वर्षं ऑफिसातल्या कपाटाची भीती वाटत होती, आता घरातल्या माणसाचीही वाटायला लागली. आणि त्याच रात्री जेवताना एक फार वाईट विचार त्यांच्या मनात आला. गुरुवारी कुणी विचारलंच, तर बायकोच्या हातून फाटलं म्हणायला काय हरकत आहे? तिला स्वतःलाही तसंच वाटतं. कुणाचंच नुकसान नाही. हा विचार त्यांनी हाकलला, पण तो गुरुवारपर्यंत काही हलला नाही.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. डॉक्टरबाई मध्ये, एका बाजूला अकाउंटंट, दुसऱ्या बाजूला छापखानेवाला. बायको भिंतीजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून. नवीन वासरू सगळ्यांच्या हातांतून फिरलं. छापखानेवाल्याने त्याचा खूर भिंतीएवढा करून दाखवला, रेष जशीच्या तशी. डॉक्टरबाईंनी दातांपासून शेपटीपर्यंत ते तपासलं आणि "तब्येत चांगली आहे" असा निकाल दिला. मग म्हणाल्या, "आता मूळ आणा."

कपाट त्याच खोलीत होतं. जपूनरावांच्या हातातली किल्ली कुलपाला सापडेना. सापडली तेव्हा फिरेना, कारण ती उलटी होती. फोल्डर टेबलावर आला. डॉक्टरबाईंनी तो उघडला, उलटा केला, झटकला.

"चित्र कुठे आहे?"

जपूनराव काही म्हणायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्या हातून फाटलं," बायको म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी, बिल्ले करताना. यांची काही चूक नाही. यांनी मला सांभाळून घेतलं."

सगळ्यांच्या माना जपूनरावांकडे वळल्या, आणि त्या नजरा त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. अकाउंटंट, ज्याने एकतीस वर्षांत त्यांना कधी मानलं नव्हतं, तो रुमाल काढत होता. डॉक्टरबाईंचा आवाज मऊ झाला. "सहा वर्षं तुम्ही हे एकट्याने वागवलंत?"

आता गप्प बसायचं, एवढंच काम होतं. सहा वर्षं ते हेच करत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरी वाचत होती, अब्रू वाचत होती, वर कौतुक होत होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. दुकानदारापासून विजेच्या ऑफिसपर्यंत कुणालाही न भिणारी ही बाई, तिने पर्सचा पट्टा बोटांभोवती गच्च गुंडाळला होता. आपल्याला वाटत आलेली भीती तिच्या चेहऱ्यावर बघायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांना सहन झाली नाही.

"नाही," जपूनराव म्हणाले. "मी फाडलं."

"आता पुरे झालं, मला वाचवू नका," बायको म्हणाली.

"तुला वाचवत नाहीये. खरंच मी फाडलं. तू गॅस बंद करायला गेली होतीस. मागचा पाय माझ्या हातात आला. तुकडे मीच टाकले. तो कान खिशात घालताना राहिला असेल." एवढं बोलून ते टेबलाला धरून उभे राहिले.

अकाउंटंटने रुमाल घडी घालून परत ठेवला.

"तपासणीत 'आहे' म्हणून सह्या कोणी केल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी."

"किती?"

"सहा."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, नव्या वासराचा कागद पुढे ओढला आणि त्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "मूळ प्रत नष्ट झाली आहे. यापुढे हीच मूळ प्रत समजावी." खाली सही केली. "जनावर दुखणं लपवतं ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "त्याला बोलता येत नाही. तुम्ही उद्या लेखी खुलासा द्या. मी ताकीद देईन, ती तुमच्या फाइलीला लागेल, आणि विषय संपला. हे कपाटात ठेवा. आणि आता सातवी सही करा, निदान ती तरी खरी असेल."

जपूनरावांनी सही केली. इतकी वर्षं पोटात बसलेला गोळा कुठे गेला हे ते चाचपून बघत होते. विद्यालयाच्या पायऱ्या उतरताना त्यांना चक्क शीळ घालावीशी वाटली. बायको दोन पावलं पुढे चालत होती. फाटक गेलं, औषधाचं दुकान गेलं, बसथांबा गेला, तरी तिने मागे वळून बघितलं नाही. जपूनरावांनी शीळ आवरली.

चौकात ती थांबली.

"सहा वर्षं," ती सावकाश म्हणाली. "सहा वर्षं तुमच्या शर्टांना मी इस्त्री करतेय. त्याच्या आधी तुम्ही स्वतः करायचात. तुमची बहीण आली की महिना महिना राहते, मी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, या माणसाने आपल्यासाठी नोकरी पणाला लावलीय. तुम्ही रात्रभर घोरता, तेसुद्धा एकदा बोलले नाही."

"मी घोरतो?" जपूनरावांनी घाबरून विचारलं.

"बोलू ना त्यावरही," बायको म्हणाली आणि चालायला लागली. "बरंच साठलंय. आधी घरी चला."